पहिल्या पन्नास सामन्यांचे आकडे कसे वाचावेत: बेसबॉल संघाची फलंदाजी आणि बुलपेन

२३ मे २०१९ रोजी न्यूयॉर्कच्या सिटी फील्डवर वॉशिंग्टन नॅशनल्स संघ मेट्सविरुद्धचा सलग चौथा सामना हरला. नऊपैकी आठव्या इनिंगमध्ये संघ एका धावेने पुढे होता. त्याच इनिंगमध्ये कार्लोस गोमेझने रिलीव्हर (बदली पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा) वांडर सुएरोच्या चेंडूवर तीन धावांचा होमरन (मैदानापार गेलेला फटका) मारला आणि निकाल ६-४ असा फिरला. पन्नास सामन्यांत १९ विजय आणि ३१ पराभव अशी संघाची स्थिती झाली. याच संघाने उरलेल्या ११२ सामन्यांपैकी ७४ जिंकले, ९३-६९ वर हंगाम संपवला आणि ३० ऑक्टोबरला ह्यूस्टनमध्ये वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपद, जिंकली.

ही कथा बहुधा चमत्कार म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात एक उत्तम अभ्यासप्रकरण दिसते, कारण त्या दिवशी समोर असलेल्या आकड्यांपैकी काही खरोखर महत्त्वाचे होते, काही निव्वळ योगायोगाचे होते, आणि दोन्ही एकाच पानावर शेजारी छापलेले होते. हंगामाच्या सुरुवातीला कोणत्याही संघाची फलंदाजी आणि बुलपेन, म्हणजे सुरुवातीचा पिचर बाहेर गेल्यावर येणाऱ्या रिलीव्हर पिचरांचा ताफा, कशी तपासावी याची पद्धत मी येथे पायरीपायरीने मांडत आहे. क्रिकेटची आकडेवारी वाचण्याची सवय असलेल्या वाचकाला यातील बरेचसे ओळखीचे वाटेल. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर रूढ करणारे हेन्री चॅडविक हे इंग्लंडमधील एक्सेटरला १८२४ मध्ये जन्मले होते आणि क्रिकेटचे वार्तांकन करता करताच बेसबॉलकडे वळले होते, त्यामुळे दोन्ही खेळांच्या तक्त्यांत नात्याचा धागा आहेच.

तयारी: कोणता तक्ता, कोणत्या तारखेपर्यंत

बेसबॉल रेफरन्स, फॅनग्राफ्स आणि बेसबॉल सॅव्हंट या तीन संकेतस्थळांवर लागणारी जवळजवळ सर्व माहिती मोफत मिळते. वॉशिंग्टनमध्ये संध्याकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी सुरू होणारा सामना उन्हाळ्यात भारतात पहाटे ४ वाजून ३५ मिनिटांनी सुरू होतो, म्हणून पुण्यात किंवा नागपुरात बसून हा खेळ पाहणाऱ्याने सकाळी कार्यालयात जाण्यापूर्वी आदल्या दिवसाचा तक्ता उतरवून घेण्याची सवय लावावी. तोवर आकडे अद्ययावत झालेले असतात.

सुरुवात करतानाच एक शेवटची तारीख ठरवावी आणि ती बदलू नये. हा नियम क्षुल्लक वाटतो, पण माझ्या मते निम्म्या चुका येथेच होतात. एखादा फलंदाज गेले दहा दिवस फॉर्मात असेल तर आपण नकळत ‘गेल्या दहा दिवसांत’ असा तुकडा निवडतो. अकरावा दिवस वाईट असतो म्हणूनच तो तुकडा दहाचा होतो. १९-३१ हा आकडासुद्धा असाच नंतर निवडलेला आहे: तो संघाच्या घसरणीचा तळ होता, म्हणून लोकांच्या लक्षात राहिला. महिन्याची अखेर, पंचविसावा सामना, पन्नासावा सामना अशा आधीच ठरवलेल्या थांब्यांवर तक्ता करावा.

दुसरी तयारी स्प्रेडशीटमधली आहे. पिचरने टाकलेल्या इनिंग्ज ६.१ अशा लिहिलेल्या असतील तर त्याचा अर्थ सहा पूर्ण इनिंग्ज आणि एक बाद, म्हणजे सहा पूर्णांक एक तृतीयांश असा होतो. तो दशांश अपूर्णांक नव्हे. क्रिकेटमध्ये ६.१ षटके म्हणजे सहा षटके आणि एक चेंडू, तसेच हे आहे. सर्वांत सोपा उपाय म्हणजे इनिंग्जचा रकाना न ठेवता मिळवलेल्या ‘बादां’चा रकाना ठेवणे. एका इनिंगमध्ये तीन बाद असतात, म्हणून ईआरए, अर्थात नऊ इनिंग्जमागे दिलेल्या अर्जित (क्षेत्ररक्षकांच्या चुकांविना झालेल्या) धावा, काढताना अर्जित धावांना २७ ने गुणून बादांच्या संख्येने भागावे. २०१९ मध्ये नॅशनल्सच्या ट्रेव्हर रोझेन्थालने ६.१ इनिंग्जमध्ये १६ अर्जित धावा दिल्या. ६.१ हा दशांश समजून गणित केले तर ईआरए २३.६१ येतो, १९ बाद धरून केले तर २२.७४ हा खरा आकडा मिळतो. रिलीव्हरच्या इनिंग्ज मुळातच थोड्या असतात, त्यामुळे ही चूक तेथे सर्वाधिक बोचते.

पहिला प्रश्न: संघाचे निकाल नशिबाने समजावता येतात का

खेळाडूंच्या तक्त्यात शिरण्यापूर्वी संघाच्या विजय-पराभवांकडे एकदा पाहावे. नॅशनल्सने वर्षभरात ९३ सामने जिंकले, म्हणजे विजयाचे प्रमाण ०.५७४. एवढ्या ताकदीच्या संघाने पन्नास सामन्यांत साधारण २९ विजय मिळवावेत. त्यातला स्वाभाविक चढउतार मोजण्यासाठी सामन्यांची संख्या, विजयाचे प्रमाण आणि पराभवाचे प्रमाण यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ काढावे: ५० गुणिले ०.५७४ गुणिले ०.४२६ म्हणजे सुमारे १२.२, आणि त्याचे वर्गमूळ ३.५. याचा अर्थ असा की २५ ते ३२ विजयांपर्यंत काहीही घडले तरी आश्चर्य मानण्याचे कारण नव्हते. परंतु १९ विजय हे अपेक्षेपेक्षा दहाने कमी, म्हणजे जवळजवळ तीन विचलनांइतके खाली होते. तळ नंतर निवडला गेल्याची सूट दिली तरी ‘अजून हंगाम लहान आहे’ एवढेच उत्तर येथे पुरत नाही. काहीतरी खरोखर बिघडलेले होते. ते काय होते आणि टिकणारे होते का, हे पुढच्या पायऱ्यांनी शोधायचे आहे.

याच्या जोडीला केलेल्या आणि दिलेल्या धावांचा हिशेब ठेवावा. बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांनी मांडलेल्या सूत्रानुसार, केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज, हे विजयाचे अपेक्षित प्रमाण असते. २०२३ मध्ये टॅम्पा बे रेज संघाने पहिले १३ सामने सलग जिंकले, तेव्हा त्यांच्या १०१ धावा झाल्या होत्या आणि त्यांनी ३० दिल्या होत्या. सूत्राप्रमाणे त्यांचे १२ विजय व्हायला हवे होते, म्हणजे निसटत्या विजयांच्या जोरावर ही मालिका उभी नव्हती. पहिले नऊ सामने तर त्यांनी प्रत्येकी किमान चार धावांनी जिंकले होते. तरीही उरलेल्या १४९ सामन्यांत त्यांचे ८६ विजय झाले आणि प्रमाण ०.५७७ वर आले. संघ उत्तम होता हे त्या तेरा सामन्यांनी बरोबर सांगितले; किती उत्तम, हे त्यांना सांगता येणार नव्हते.

फलंदाजी: प्रत्येक आकड्याचे वय वेगळे

संशोधक रसेल कार्लटन यांनी विचारलेला प्रश्न या सगळ्याच्या मुळाशी आहे: एखाद्या आकड्यात खेळाडूचे कौशल्य आणि योगायोग यांचा वाटा निम्मा-निम्मा होण्यासाठी किती संधी लागतात? उत्तर प्रत्येक आकड्यासाठी वेगळे येते. फलंदाजाच्या स्ट्राइकआउटच्या (तीन स्ट्राइक होऊन बाद होण्याच्या) प्रमाणाला साधारण ६० वेळा खेळायला येणे पुरते, वॉकच्या (चार चुकीच्या चेंडूंमुळे पहिला बेस फुकट मिळण्याच्या) प्रमाणाला १२०, होमरनच्या प्रमाणाला १७०, ऑन-बेस (बाद न होता बेसवर पोहोचण्याच्या) प्रमाणाला ४६० च्या आसपास, आणि हिट्सच्या साध्या सरासरीला सुमारे ९१० अधिकृत बॅटिंग संधी (वॉक वगैरे वगळून) लागतात. नियमित फलंदाज पंचवीस सामन्यांत साधारण १०० वेळा खेळायला येतो. म्हणजे एप्रिल संपताना त्याचे स्ट्राइकआउट आपल्याशी बोलू लागलेले असतात, वॉक कुजबुजत असतात, आणि टीव्हीवर सर्वांत मोठ्या अक्षरांत दाखवली जाणारी सरासरी मात्र पूर्ण हंगाम उलटला तरी अर्धवटच बोललेली असते.

या आकड्यांचा प्रत्यक्ष उपयोग असा करावा. खेळाडूला दिसलेल्या संधींमध्ये त्या-त्या आकड्याची ‘निम्म्याची संख्या’ एवढ्या काल्पनिक सरासरी संधी मिसळाव्यात. समजा एका फलंदाजाने ९० अधिकृत संधींत ३२ हिट्स मारले, सरासरी ०.३५६. २०१९ मध्ये मेजर लीगची, म्हणजे या सर्वोच्च स्पर्धेतील सर्व संघांची, सरासरी ०.२५२ होती. ९१० काल्पनिक संधींत त्या दराने २२९ हिट्स येतात. एकूण १,००० संधींत २६१ हिट्स, म्हणजे आपला अंदाज ०.२६१. आता त्याच फलंदाजाचे १०० पाळ्यांतले ३० स्ट्राइकआउट घेऊ. लीगचे प्रमाण २३ टक्के. ६० काल्पनिक पाळ्यांत १३.८. एकूण १६० पाळ्यांत ४३.८, म्हणजे २७.४ टक्के. सरासरीचा एक आकडा १०४ अंशांनी (अंश म्हणजे हजारावा भाग) फुगलेला दिसला आणि गाळून केवळ नऊ अंश उरले; स्ट्राइकआउट सात टक्क्यांनी जास्त दिसले आणि गाळूनही चार टक्क्यांहून अधिक उरले. सगळे ज्याची वाहवा करत आहेत त्या फलंदाजाबद्दल खरी बातमी ही आहे की तो जास्त वेळा हवेत बॅट फिरवू लागला आहे.

जुना खेळाडू असेल तर लीगच्या सरासरीऐवजी त्याच्या गेल्या तीन हंगामांची सरासरी मिसळावी, कारण आपल्याला त्याच्याबद्दल आधीच बरेच माहीत असते. नॅशनल्सच्या हॉवी केंड्रिकने २०१९ मध्ये ३३४ संधींत ११५ हिट्स मारून ०.३४४ अशी सरासरी राखली. लीगच्या सरासरीने गाळल्यास ती ०.२७७ वर येते, एकूण कारकीर्दीत ०.२९० च्या वर असलेल्या त्याच्या स्वतःच्या दराने गाळल्यास ०.३०५ च्या घरात. दोन उत्तरांतील हे अंतर म्हणजे अनुभवी फलंदाजाच्या जुन्या वह्यांची किंमत आहे.

संघ म्हणून पाहताना मात्र एवढी भीड बाळगण्याची गरज नाही. एक संघ सामन्यागणिक सुमारे ३८ वेळा खेळायला येतो, म्हणजे पन्नास सामन्यांत १,९०० वेळा. एवढ्या संधींत संघाच्या सरासरीतला स्वाभाविक चढउतार दहा अंशांच्या आसपास उरतो, आणि स्ट्राइकआउट व वॉकची प्रमाणे तर बऱ्यापैकी पक्की झालेली असतात. म्हणून एप्रिलच्या अखेरीस संघाबद्दल केलेले विधान एका खेळाडूबद्दल केलेल्या विधानापेक्षा अधिक ठामपणे करता येते.

खेळात आलेल्या चेंडूंवरील सरासरी हा पुढचा रकाना. स्ट्राइकआउट आणि होमरन वगळून, क्षेत्ररक्षकांच्या आवाक्यात आलेल्या चेंडूंपैकी किती हिट ठरले, हे ती सांगते. लीगमध्ये ती दरवर्षी ०.३०० च्या आसपास असते. एखाद्याची ०.४०० दिसली तर ती खाली येणार हे जवळपास निश्चित आहे, पण ती ०.३०० वरच येईल असे मात्र समजू नये: वेगवान धावणारे आणि सपाट, जोरकस फटके मारणारे फलंदाज वर्षानुवर्षे ०.३३० च्या पुढे राहतात. येथे चेंडूचा बॅटवरून निघतानाचा वेग मदतीला येतो. २०१५ पासून सर्व मैदानांवर स्टॅटकास्ट यंत्रणा तो मोजते, आणि ताशी ९५ मैल, म्हणजे सुमारे १५३ किलोमीटरपेक्षा वेगाने निघालेला फटका ‘जोरकस’ धरला जातो. सरासरी घसरलेली असून जोरकस फटक्यांचे प्रमाण गेल्या वर्षीइतकेच असेल तर वाट पाहावी. दोन्ही एकदम घसरले असतील तर दुखापत किंवा वय याचा विचार सुरू करावा.

धावा निर्माण करण्याची एकत्रित किंमत पाहायची असेल तर वोबा वापरावा. त्यात वॉकला सुमारे ०.६९, एकेरी हिटला ०.८७, दुहेरीला १.२२, तिहेरीला १.५३ आणि होमरनला १.९४ असे वजन मिळते, कारण धावा घडवण्यात त्यांचा प्रत्यक्ष वाटा त्या प्रमाणात असतो. त्याचेच मैदान आणि लीग यांचा हिशेब धरून केलेले रूप १०० या पायावर मांडतात: १२० म्हणजे लीगपेक्षा २० टक्के सरस. सुरुवातीच्या हंगामात मैदानाचा हिशेब फार महत्त्वाचा असतो. समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या डेन्व्हरच्या कूर्स फील्डवर चार सामने खेळून आलेल्या संघाचे आकडे, आणि एप्रिलच्या थंडीत शिकागोत किंवा मिनीॲपोलिसमध्ये खेळलेल्या संघाचे आकडे कच्च्या स्वरूपात शेजारी ठेवणे अन्यायाचे आहे; थंड, दाट हवेत चेंडू कमी अंतर जातो.

तक्त्यात नसलेला रकाना: मैदानावर कोण होते

हा रकाना हाताने लिहावा लागतो. बरेच लोक तो टाळतात, आणि नॅशनल्सच्या बाबतीत अर्धे उत्तर त्यातच होते. संघाचा तारा ब्राइस हार्पर फिलाडेल्फियाला गेल्यामुळे फलंदाजी दुबळी झाली, असे त्या वसंतात सर्रास म्हटले जात होते. प्रत्यक्षात २ एप्रिलला बंट करण्याच्या (चेंडू बॅटने हलकेच थोपवण्याच्या) प्रयत्नात ट्रे टर्नरच्या उजव्या हाताचे बोट मोडले आणि तो १७ मे रोजी परतला. अँथनी रेंडन कोपरावर चेंडू लागल्याने एप्रिलच्या उत्तरार्धात बाहेर गेला, रायन झिमरमन पायाच्या दुखण्याने बाहेर गेला, आणि मेच्या सुरुवातीला हुआन सोतो पाठदुखीने जखमी यादीत आला.

म्हणून प्रत्येक सामन्यासमोर संघाच्या पहिल्या पाच फलंदाजांपैकी किती खेळले, ही संख्या लिहावी आणि मग धावांची सरासरी त्या संख्येनुसार वेगळी काढावी. आकडा लहान येतो, पण प्रश्न बदलतो: ‘ही फलंदाजी वाईट आहे का’ याऐवजी ‘ही फलंदाजी एकत्र केव्हा येणार’ असे विचारता येते. वर्ष संपले तेव्हा रेंडनची सरासरी ०.३१९ होती आणि १२६ धावा घडवून तो संपूर्ण मेजर लीगमध्ये पहिला होता. सोतोचे ३४ होमरन आणि १०८ वॉक होते. संघाच्या ८७३ धावा झाल्या होत्या. हार्परविना.

बुलपेन: जेथे आकडा सर्वांत कच्चा आणि चूक सर्वांत महाग

रिलीव्हरचे काम इतके थोडे असते की त्याचा ईआरए हंगामाच्या सुरुवातीला जवळजवळ वाचण्यालायक नसतो. समजा एखाद्याने दहा इनिंग्जमध्ये एकच धाव दिली, ईआरए ०.९०. पुढच्या सामन्यात त्याने एकच फलंदाज बाद केला आणि पाच धावा दिल्या. ईआरए एका रात्रीत ५.२३ होतो. पिचर बदललेला नसतो. मेच्या अखेरपर्यंत रिलीव्हरने साधारण ९० फलंदाजांना चेंडू टाकलेले असतात. पिचरच्या स्ट्राइकआउटचे प्रमाण सुमारे ७० फलंदाजांनंतर निम्मे विश्वसनीय होते, वॉकचे १७० नंतर, आणि होमरनचे प्रमाण हजाराहून अधिक फलंदाजांनंतर. म्हणजे होमरनच्या बाबतीत रिलीव्हरचा पूर्ण हंगामसुद्धा अपुरा असतो. त्यामुळे क्रम असा ठेवावा: आधी स्ट्राइकआउट, मग वॉक, मग चेंडूचा वेग गेल्या वर्षीच्या तुलनेत, आणि ईआरए शेवटी. चेंडूचा वेग ही थेट मोजलेली गोष्ट असल्यामुळे पाच-सहा सामन्यांतही तो बरेच काही सांगतो. दीड-दोन मैलांची घट असेल तर मी ईआरए कितीही देखणा असला तरी त्या नावासमोर खूण करतो.

स्ट्राइकआउट, वॉक आणि होमरन यांचे एकत्र मोजमाप म्हणजे एफआयपी. होमरन गुणिले १३, अधिक वॉक व अंगावर लागलेले चेंडू गुणिले ३, वजा स्ट्राइकआउट गुणिले २. याला इनिंग्जने भागून त्यात लीगचा स्थिरांक, सुमारे ३.२, मिळवावा. बारा इनिंग्जमध्ये २ होमरन, ५ वॉक, १६ स्ट्राइकआउट आणि ९ अर्जित धावा असलेल्या पिचरचा ईआरए ६.७५ असतो आणि एफआयपी ३.९५. अशा पिचरला खालच्या लीगमध्ये पाठवण्याची घाई करू नये. पण बारा इनिंग्जमध्ये एक होमरन कमी-जास्त झाला तरी एफआयपी एका अंकाहून अधिक हलतो, हेही त्याच कागदावर लिहून ठेवावे.

रोझेन्थालचे प्रकरण येथे शिकवून जाते. कोपराच्या टॉमी जॉन शस्त्रक्रियेमुळे २०१८ चा पूर्ण हंगाम गमावून तो नॅशनल्सकडे आला आणि पहिल्या चार सामन्यांत एकही फलंदाज बाद करू शकला नाही. शून्याने भागता येत नसल्यामुळे त्याच्या ईआरएच्या जागी अनंताचे चिन्ह छापले जात होते. ‘नमुना लहान आहे’ असे म्हणून ते सोडून देणे सोपे होते. परंतु जूनमध्ये संघाने त्याला मुक्त केले तोपर्यंत त्याने १९ बाद मिळवताना १५ वॉक दिले होते, आणि वॉकमध्ये क्षेत्ररक्षकाचा किंवा वाऱ्याचा हात नसतो. नियंत्रण खरोखर हरवले होते. दुसऱ्या वर्षी, २०२० च्या छोट्या हंगामात, त्याच पिचरने कॅन्सस सिटी आणि सॅन डिएगो मिळून १.९० चा ईआरए राखला. म्हणजे वाईट आकडा खरा होता, तरीही कायमचा नव्हता. ‘खरा’ आणि ‘कायमचा’ हे दोन वेगळे रकाने आहेत.

बुलपेनच्या ईआरएमध्ये आणखी दोन फटी आहेत. पहिली वारशाने आलेल्या धावपटूंची. एक रिलीव्हर तीन बेसवर तीन धावपटू ठेवून निघून जातो, दुसरा येतो, एक हिट देतो आणि दोन धावा होतात. त्या धावा पहिल्याच्या खात्यावर लागतात. दुसऱ्याचा ईआरए निष्कलंक राहतो. लीगमध्ये असे साधारण तीनापैकी एक धावपटू घरी पोहोचतात, म्हणून प्रत्येक रिलीव्हरसमोर वारशाने आलेले किती आणि त्यातले धाव करून गेलेले किती, हे दोन रकाने ठेवलेच पाहिजेत. दुसरी फट २०२० पासूनची आहे: जादा इनिंगची सुरुवात दुसऱ्या बेसवर एक धावपटू आधीच ठेवून होते आणि त्याची धाव अर्जित धरली जात नाही. संघाने जादा इनिंगचे सामने बरेच खेळले असतील तर ईआरएऐवजी दिलेल्या एकूण धावा पाहाव्यात.

त्यानंतर दाबाचा रकाना. सामन्याच्या त्या क्षणी निकाल किती हलू शकतो याचे मोजमाप लेव्हरेज निर्देशांक करतो. सरासरी क्षण म्हणजे १. आठ धावांनी हरत असताना दिलेल्या तीन धावा आणि एका धावेने जिंकत असताना आठव्या इनिंगमध्ये दिलेल्या तीन धावा ईआरएला सारख्याच दिसतात, पण २३ मे च्या रात्री सुएरोने दिलेल्या तीन धावांनी संपूर्ण सामना गेला. बुलपेनच्या इनिंग्जचे १.५ च्या वरच्या आणि खालच्या असे दोन गट करावेत. वरच्या गटात वाईट पिचर वारंवार येत असेल तर तो व्यवस्थापकाच्या निवडीचा प्रश्न आहे, आणि तो उद्यासुद्धा सुधारता येतो. वरच्या गटात संघाचे सर्वोत्तम दोन पिचर असूनही धावा जात असतील तर प्रश्न माणसांचा आहे आणि बाहेरून खरेदी केल्याशिवाय सुटणार नाही. वाया गेलेल्या सेव्हची (हातातून निसटलेल्या छोट्या आघाड्यांची) एकूण संख्या मात्र बेताने वापरावी, कारण सातव्या इनिंगमध्ये आघाडी गमावणाऱ्याच्या नावावरही ती लागते, आणि त्या इनिंगच्या रिलीव्हरला सेव्ह मिळण्याची संधी बहुधा नसतेच.

थकव्याचा तक्ता शेवटचा, पण रोजचा. प्रत्येक रिलीव्हरने गेल्या तीन दिवसांत किती चेंडू टाकले हे लिहावे आणि सलग दोन दिवस काम केलेल्यांची नावे वेगळी काढावीत. सुरुवातीचे पिचर सरासरी पाचच इनिंग्ज टाकत असतील तर बुलपेनला रोज बारा बाद मिळवावे लागतात, आणि चांगला असलेला ताफाही जूनपर्यंत झिजतो. नॅशनल्सकडे मॅक्स शर्झर, स्टीफन स्ट्रासबर्ग आणि पॅट्रिक कॉर्बिन हे सुरुवातीचे खंदे पिचर होते. त्यांच्या बुलपेनची अडचण कामाच्या ओझ्यापेक्षा विश्वासू हातांच्या तुटवड्याची होती, असे माझे मत आहे. शॉन डूलिटलखेरीज दाबाच्या क्षणी चेंडू द्यावा असा माणूसच उरला नव्हता. २ मे रोजी पिचिंग प्रशिक्षक डेरेक लिलिक्विस्ट यांना काढून पॉल मेनहार्ट यांना आणले गेले, तरी हा तुटवडा प्रशिक्षक बदलून भरणारा नव्हता.

सर्व एकत्र करताना

आता दोन बाजू एका पानावर आणाव्यात. प्रत्येक आकड्यापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: किती संधींवर तो उभा आहे, गाळल्यावर किती उरतो, आणि त्यामागचे कारण पुढच्या दोन महिन्यांत बदलण्यासारखे आहे का. २४ मे २०१९ च्या सकाळी असे पान केले असते तर फलंदाजीच्या बाजूला ‘जखमी खेळाडू परतले, सुधारणा अपेक्षित’ असे लिहावे लागले असते, आणि बुलपेनच्या बाजूला ‘वॉक जास्त, दाबाच्या इनिंग्जमध्ये पर्याय नाही, आपोआप सुधारणार नाही’ असे. साधारण दहा धावांचा फरक म्हणजे एक विजय, हे प्रमाण धरून दोन्ही बाजूंची किंमत विजयांत मांडता येते. मात्र बुलपेनच्या धावा उशिरा आणि निसटत्या सामन्यांत जात असल्यामुळे त्या बाजूची किंमत थोडी चढवून धरावी.

पान तारखेसह जपून ठेवावे आणि आपला अंदाज आकड्यात लिहावा: उरलेल्या सामन्यांत किती विजय, कोणत्या फलंदाजाची सरासरी किती. शंभराव्या सामन्यानंतर ते पान उघडून पाहिले की आपण कोठे घाई केली ते दिसते. माझ्या जुन्या वह्यांत सर्वाधिक खाडाखोड रिलीव्हरांच्या नावांपुढे आहे.

नॅशनल्सच्या पानावरील बुलपेनची नोंद शेवटपर्यंत खरी ठरली. त्या वर्षीचा त्यांच्या रिलीव्हरांचा ईआरए ५.५० च्या वर राहिला आणि तो नॅशनल लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन गटांपैकी त्यांच्या गटात) सर्वांत वाईट होता. ३१ जुलैला, खेळाडूंच्या अदलाबदलीच्या अखेरच्या दिवशी, संघाने टोरांटोकडून डॅनियल हडसन आणि सिॲटलकडून हंटर स्ट्रिकलंड व रोएनिस एलियास यांना घेतले. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, तर शर्झर, स्ट्रासबर्ग आणि कॉर्बिन यांनाही रिलीव्हर म्हणून उभे करून कमकुवत हातांपर्यंत चेंडू जाऊ दिला नाही. ३० ऑक्टोबरच्या रात्री सातव्या सामन्यात कॉर्बिनने सहावी ते आठवी अशा तीन इनिंग्ज सांभाळल्या, केंड्रिकचा होमरन उजव्या बाजूच्या फाउल पोलवर (मैदानाची हद्द दाखवणाऱ्या खांबावर) आदळला, आणि शेवटचा फलंदाज मायकेल ब्रँटली स्ट्राइकआउट झाला तेव्हा चेंडू हडसनच्या हातात होता.